वेगवान गाडीचे ब्रेक सुधारताना : पैसा आधी कुठे घालावा

नवी स्पोर्ट्स कार घरी आली की काही महिन्यांतच मालकाची नजर चाकाच्या आऱ्यांमधून दिसणाऱ्या कॅलिपरवर, म्हणजे पिस्टनच्या जोराने घर्षणाचे पॅड फिरत्या डिस्कवर दाबणाऱ्या भागावर, खिळते आणि मोठ्या डिस्कसह मिळणारा, सहा पिस्टनचा, लालभडक रंगाचा संच बसवून घ्यावा असे त्याला वाटू लागते. हौसेला मोल नसते हे मान्य केले, तरी ब्रेकच्या बाबतीत तिथून सुरुवात करणे म्हणजे आधी कळस मग पाया. ज्यांनी ब्रेकच्या कामात पूर्वी कधी हात घातलेला नाही, किंवा गॅरेजवाल्याला नेमके काय सांगावे हे ज्यांना ठाऊक नाही, अशा मुंबईतील मालकांसाठी हा लेख आहे. कामांचा क्रम मुद्दाम स्वस्तापासून महागाकडे लावला आहे, कारण बहुतेकांचे काम दुसऱ्या पायरीवरच भागते.

ब्रेक आणि उष्णता

ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतात आणि ती उष्णता हवेत सोडून देतात. त्यांचे सगळे गुणदोष या एका गोष्टीत आहेत. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे ५.८ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणजे २०० च्या वेगाला ती २३ लाख ज्यूलच्या घरात जाते. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकत असल्याने थांबवण्याचे सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढच्या दोन डिस्क करतात. प्रत्येकी दहा किलोच्या दोन बिडाच्या डिस्क धरल्या, तर १०० वरून एकदा थांबल्याने त्यांचे तापमान साधारण ४० अंशांनी वाढते आणि २०० वरून थांबल्याने सुमारे १६० अंशांनी. शहरात दोन सिग्नलच्या मध्ये ही उष्णता निघून जाते. रेसच्या ट्रॅकवर मात्र अर्ध्या मिनिटात पुढचे वळण येते, आधीची उष्णता तशीच शिल्लक असते आणि तिच्यावर नवीन भर पडत जाते.

आपल्याकडे ट्रॅकपेक्षा जवळचे उदाहरण खंडाळ्याच्या घाटाचे आहे. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी पाचशे मीटरहून अधिक खाली येते. दीड टनाच्या गाडीसाठी याचा अर्थ असा की, केवळ उंची गमावल्यामुळे मोकळी होणारी ऊर्जा १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. इंजिन आणि हवेचा विरोध तिचा काही वाटा उचलतात. बाकीचा भार चालक पाय ब्रेकवर किती वेळ ठेवतो त्यावर डिस्कच्या माथी येतो. घाट उतरताना खालचा गिअर धरावा, स्वयंचलित गिअरबॉक्स असेल तर तो मॅन्युअल मोडमध्ये टाकावा आणि ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्याऐवजी थोडा वेळ जोराने दाबून पूर्ण सोडावा. या सुधारणेला एक रुपयाही लागत नाही.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मूळ ब्रेक एबीएस (चाक पूर्ण अडून घसरू नये म्हणून ब्रेकचा दाब आपोआप सोडणारी-धरणारी यंत्रणा) सुरू होईल इतक्या जोराने चाक धरू शकत असतील, तर मोठा कॅलिपर बसवल्याने पहिल्यांदा थांबण्याचे अंतर कमी होत नाही, कारण ते अंतर तेव्हा टायरची रस्त्यावरची पकड ठरवत असते. चांगल्या ब्रेकमुळे मिळते ते असे, की दहाव्या वेळीही गाडी पहिल्या वेळेइतक्याच अंतरात थांबते आणि पेडलखाली काय चालले आहे ते पायाला नीट कळते. टायर पाच वर्षांचे आणि कडक झालेले असतील, तर ब्रेकसाठी काढलेला पैसा आधी टायरवर खर्च करावा.

पहिली पायरी : दुखणे ओळखणे

सुधारणा करण्यापूर्वी सध्याच्या ब्रेकमध्ये काय कमी पडते आहे ते नक्की करावे. पेडल कडक राहते, जळका वास येतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही, असे असेल तर पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापले आहेत. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत; द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही प्रकारांना गॅरेजमध्ये सरसकट ‘ब्रेक लागत नाही’ असेच म्हटले जाते, पण एकाचा इलाज पॅड आहे आणि दुसऱ्याचा ऑइल. दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क वाकडी झाली असे निदान ऐकायला मिळते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कच्या पृष्ठभागावर पॅडच्या पदार्थाचा थर कमी-जास्त बसलेला असतो किंवा डिस्कची जाडी जागोजागी थोडी वेगळी झालेली असते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखाद्या कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकती पिन (जिच्यावर कॅलिपर पुढे-मागे सरकतो ती) अडकलेली असण्याचा संभव मोठा.

त्यानंतर चाके काढून पाहणी करावी. आतल्या बाजूचा पॅड बहुधा बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो आणि तोच बाहेरून दिसत नाही, म्हणून आऱ्यांमधून डोकावून समाधान मानू नये. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या वाटीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजलेली जाडी त्याच्या जवळ आली असेल, तर पुढचे सारे बेत नवी डिस्क धरूनच करावे लागतील.

दुसरी पायरी : ऑइल, पॅड आणि होज

ब्रेक ऑइल ही सर्वांत स्वस्त आणि मुंबईत सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइले ग्लायकॉल ईथर वर्गातील असून हवेतील ओल शोषून घेतात. नव्या, कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. जून ते सप्टेंबर जिथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे रबरी होज (कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारी लवचिक नळी) आणि टाकीच्या झाकणातून ऑइलमध्ये ओल शिरणारच. अनेक उत्पादक दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. मुंबईत जोराने चालवल्या जाणाऱ्या गाडीसाठी दर वर्षी, पावसाळा संपल्यावर ते बदलावे, असे माझे मत आहे. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी मोतुल आरबीएफ ६०० सारखी ऑइले मिळतात, ज्यांचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. सिलिकॉनचे डॉट ५ हे मात्र नावात साम्य असले तरी वेगळे रसायन आहे. ते इतरांत मिसळू नये आणि एबीएस असलेल्या गाडीत वापरू नये. बाटली नेहमी सीलबंद आणि नवी घ्यावी. मागच्या कामातून उरलेली अर्धी बाटली, मग ती कितीही महागाची असो, टाकून द्यावी.

पॅड निवडताना जाहिरातीतील ‘रेसिंग’ हा शब्द बाजूला ठेवून पॅड कोणत्या तापमानात काम करण्यासाठी बनवला आहे हे पाहावे. रस्त्यावरचा पॅड थंड असतानाही धरतो, आवाज कमी करतो आणि डिस्क सांभाळतो, पण चार-पाचशे अंशांपुढे ढिला पडू लागतो. निव्वळ रेसच्या पॅडचे उलट असते : तो तापल्याशिवाय नीट धरत नाही, डिस्क खातो, काळा चुरा उडवतो आणि कर्कश ओरडतो. सकाळी सोसायटीच्या उतारावरून गाडी बाहेर काढताना, पॅड थंड असताना, हा माल धोकादायक ठरू शकतो. वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांपर्यंत सर्वांना तुमच्या जाण्या-येण्याची वर्दी मिळते ती वेगळीच. पेडर रोडवरची रोजची ये-जा आणि महिन्यातून एकदा लोणावळा एवढाच वापर असेल, तर उत्पादकाचाच किंवा नामांकित कंपनीचा वेगवान रस्त्यांसाठीचा पॅड पुरतो. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणार असाल, तर पॅडचे दोन संच ठेवावेत आणि जाण्यापूर्वी बदलावेत. दोन्ही कामे उत्तम करणारा एकच पॅड विकत मिळतो, असे म्हणणाऱ्या दुकानदारावर माझा विश्वास नाही. पॅड नेहमी एका अक्षावरच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत, आणि पुढे फार आक्रमक पॅड घालून मागे जुनाच ठेवला तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो हे लक्षात असू द्यावे.

स्टीलच्या जाळीचे वेष्टन असलेल्या होजमुळे थांबण्याचे अंतर कमी होत नाही. रबरी होज दाबाखाली किंचित फुगतो, तो फुगवटा जातो आणि पेडल घट्ट लागते, इतकेच. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर होज तसेही बदलायला झालेले असतात, तेव्हा हे काम ऑइलबरोबरच उरकावे. होज तुमच्या गाडीच्या मापाचा, दोन्ही टोकांना कारखान्यात दाबून जोडलेला आणि मानकाचा छाप असलेला घ्यावा. कुठल्याशा लेथवर ‘बनवून देतो’ म्हणणाऱ्याकडून ब्रेकचा होज घेऊ नये.

इथपर्यंत आल्यावर थांबावे आणि निदान एक घाट व एक पावसाळा गाडी चालवून पाहावी. पुढचा खर्च करायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.

तिसरी पायरी : डिस्क

भोके पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते, वजनाला थोडी हलकी असते आणि पावसात पाणी लवकर झटकते. पण वारंवार तापून थंड झाल्यावर तिच्या भोकांच्या कडेपासून बारीक तडे जातात. खाचा पाडलेली डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, तडे जाण्याच्या बाबतीत अधिक टिकाऊ असते, आणि बदल्यात थोडा घरघर आवाज करते. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी खाचांची, आणि फक्त रस्त्यावर चालवणाऱ्यांनी चांगल्या प्रतीची साधी, आतून हवा खेळणारी डिस्क घ्यावी. दोन तुकड्यांच्या डिस्कमध्ये बिडाचे कडे ॲल्युमिनियमच्या वाटीवर बसवलेले असते; त्यामुळे कडे तापून फुगले तरी त्याला सरकायला वाव राहतो आणि चाकाचे वजनही उतरते. तिची किंमत जास्त असली तरी नंतर केवळ बाहेरचे कडे बदलता येते.

एका गोष्टीकडे नवखे लोक हमखास चुकीच्या बाजूने पाहतात. डिस्क डावी की उजवी, हे बाहेर दिसणाऱ्या खाचांच्या दिशेवरून ठरत नाही. आतल्या पोकळीतील पाती वाकडी असतील तर त्यांच्या वळणावरून ते ठरते : गाडी पुढे जाताना पात्यांची बाहेरची टोके मागे झुकलेली हवीत, म्हणजे डिस्क मधून हवा ओढून बाहेर फेकते. ती उलट बसली तर डिस्क थंड होण्याचे काम अर्धवट राहते आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

कार्बन सिरॅमिक डिस्क घेऊन आलेल्या गाड्यांचे शास्त्र निराळे आहे. पोर्शेने त्या २००० सालाच्या सुमारास ९११ मालिकेत आणल्या आणि पिवळा कॅलिपर ही त्यांची ओळख झाली. वजन बिडाच्या डिस्कच्या सुमारे निम्मे, गंजाची भीती नाही, आणि साध्या वापरात दीर्घायुष्य. तथापि त्यांना त्यांच्याच जातीचे पॅड लागतात, चाक काढताना रिमचा धक्का लागून कड तुटू शकते आणि एक संच बदलण्याचा खर्च लाखांत जातो. टायरवाल्याकडे अशी गाडी नेताना चाक सरळ बाहेर येण्यासाठी बोल्टच्या जागी तात्पुरत्या लांब पिना लावायला सांगाव्यात आणि काम पूर्ण होईपर्यंत जवळ उभे राहावे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मुद्दाम सिरॅमिक संच घालणे मला उधळपट्टी वाटते.

चौथी पायरी : मोठा संच घ्यायचाच असेल तर

ट्रॅकचा छंद खरोखर लागला असेल, किंवा इंजिनची ताकद वाढवून घेतली असेल, तर मोठ्या कॅलिपर-डिस्कचा संच घेण्यात अर्थ आहे. पिस्टनच्या संख्येला भुलू नये. पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ महत्त्वाचे असते. पुढच्या कॅलिपरचे क्षेत्रफळ मूळच्यापेक्षा बरेच वाढले, तर तो भरायला मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारे नळकांडे) अधिक ऑइल ढकलावे लागते, पेडलचा प्रवास लांबतो, आणि ब्रेकचा जोर प्रमाणाबाहेर पुढे जातो. मग पुढची चाके लवकर अडू लागतात, मागचे ब्रेक नुसते सोबतीला राहतात, आणि एवढा खर्च करून थांबण्याचे अंतर वाढतेसुद्धा. डिस्कच्या व्यासाचाही परिणाम होतो : पॅडची उंची ५० मिलिमीटर धरली, तर ३३० मिलिमीटरची डिस्क ३५५ ची केल्याने तेवढ्याच दाबाला सुमारे नऊ टक्के अधिक जोर मिळतो. जबाबदार उत्पादक हे सगळे तुमच्या मॉडेलसाठी मोजून, एबीएसचे मूळ गणित बिघडणार नाही अशा बेताने संच बनवतो. म्हणून ‘कुठल्याही गाडीला बसतो, फक्त ब्रॅकेट बनवावे लागेल’ असे ऐकले की तिथून निघावे.

चाकात जागा आहे का, हे ऑर्डर देण्यापूर्वी पाहावे. बहुतेक उत्पादक कॅलिपरच्या आकाराचा कागदी साचा देतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा, चाक काढून हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) धरावा, आणि रिमच्या आतल्या बाजूला व आऱ्यांच्या मागे निदान तीन मिलिमीटर मोकळी जागा राहते का ते बघावे. रिमच्या आत चिकटवलेली तोलाची शिशाची पट्टीही मोजणीत धरावी, नाहीतर कॅलिपर बसतो, चाक बसते आणि पहिल्याच फेरीत खरखर सुरू होते. डिक्कीतले सुटे चाक नव्या डिस्कवर चढते का, हेही त्याच वेळी तपासावे, कारण अटल सेतूवर पंक्चर झाल्यावर ते कळून उपयोग नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ब्रेकचा व्यास प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो, असा युक्तिवाद हौशी मंडळी करतात. त्याच्या भरवशावर लाखभर रुपये घालण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे. मूळ मापाचे पॅड, ऑइल, होज आणि डिस्क ही देखभालीची कामे असल्याने पहिल्या तीन पायऱ्यांवर हा प्रश्न सहसा येत नाही, हेही त्या पायऱ्यांवर थांबण्याचे एक कारण आहे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरचे मतही आधी घ्यावे.

खरेदी

ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांची दुकाने आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही मुंबईकरांची नेहमीची ठिकाणे आहेत, आणि रोजच्या गाडीचा आरसा किंवा बंपर शोधायला ती ठीकच आहेत. ब्रेकसाठी मात्र भंगारातून निघालेली डिस्क, उघडलेला कॅलिपर किंवा खोक्याविना मिळणारे पॅड घेऊ नयेत. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांची नक्कल सहज होते, तेव्हा अधिकृत वितरकाकडून बिलासह माल घ्यावा आणि खोक्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळता येत असेल तर पडताळावा. परदेशातून मागवणाऱ्यांनी किमतीत कस्टम ड्युटी, जीएसटी आणि वाहतूक मिळवूनच तुलना करावी. डिस्क हे लोखंड आहे, आणि तिचे भाडे वजनावर लागते. पुढच्या पॅडचा आणि डिस्कच्या बदली कड्याचा पुरवठा भारतात आहे ना, हे संच घेण्यापूर्वी विचारावे.

पाचवी पायरी : बसवणे

ऑइल आणि पॅडचे काम थोडा हात बसलेला माणूस स्वतः करू शकतो. होज, कॅलिपर आणि डिस्कसाठी पहिल्या वेळी लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये जाणे शहाणपणाचे. सोसायटीच्या तळघरात नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीला टेकायच्या बेतात असते, म्हणून जॅक लावण्याच्या जागा मॅन्युअलमध्ये पाहाव्यात, गरज पडल्यास आधी चाके लाकडी फळ्यांवर चढवावीत, आणि उचलल्यावर गाडी स्टँडवर ठेवावी. मागचे काम करायचे असेल आणि हँडब्रेक विजेवर चालणारा असेल, तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावा. तसे न करता पिस्टन मागे ढकलला तर त्याची मोटर मोडते.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी टाकीतील थोडे ऑइल सिरिंजने काढून घ्यावे, नाहीतर ते वर येऊन सांडते आणि रंग खाते. सांडलेच तर पुसत बसण्यापेक्षा ताबडतोब भरपूर पाणी ओतावे. सुटा केलेला कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नये; स्प्रिंगला तारेने बांधावा. जुनी डिस्क निघाली की हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने लख्ख करावा. समुद्राच्या खाऱ्या हवेने तिथे गंजाचे पापुद्रे धरतात, आणि नखाएवढा पापुद्रा डिस्कखाली राहिला तरी ती फिरताना डुलते. डिस्क बसवून, दोन-तीन बोल्ट आवळून, डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या तबकडीच्या मापकाने) डोल मोजावा, तो ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा. नव्या डिस्कवर गंज रोखणारा तेलकट थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण धुवावा आणि नंतर पृष्ठभागाला बोट लावू नये. सरकत्या पिनांना सिलिकॉनचे, उष्णता सोसणारे ग्रीसच लावावे. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगते.

कॅलिपर चढवल्यावर सर्वांत आधी हवा काढण्याचे निपल पाहावे. ते वरच्या टोकाला असले पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे गेला, तर सगळे बोल्ट बसतात, पण निपल खाली येते, हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते आणि कितीही ऑइल ओतले तरी पेडल स्पंजासारखे लागते. कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच), मॅन्युअलमध्ये किंवा संचाच्या कागदावर दिलेल्या मापाला आवळावेत आणि आवळून झाल्यावर त्यांवर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे पुढे बोल्ट हलला तर डोळ्यांना दिसेल. ‘हाताला अंदाज आहे, साहेब’ हे उत्तर इथे मान्य करू नये. होज जोडताना दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठे घासत किंवा ताणला जात नाही हे बघावे.

हवा काढणे

एकाने पेडल सांभाळावे आणि दुसऱ्याने निपल. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. ‘दाब’ म्हटल्यावर पेडल सावकाश खाली जाते, निपल पाव फेरा उघडते, बुडबुडे बाहेर पडतात, निपल बंद होते, आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणायचे असते. हा क्रम उलटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात असते, पण सगळ्यांत नसते. ज्या कॅलिपरला आत-बाहेर दोन निपले असतात, तिथे दोन्हींतून हवा काढावी. टाकीतील पातळी दर पाच-सहा दाबांनी पाहावी, कारण ती एकदा रिकामी झाली की हवा एबीएसच्या पंपात जाते आणि पुष्कळ गाड्यांत ती बाहेर काढायला स्कॅनर जोडून पंप चालवावा लागतो. गाडी जुनी असेल तर पेडल थेट तळापर्यंत नेऊ नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरात येत नाही तो खडबडीत झालेला असतो आणि त्यावर सील फाटू शकते.

शेवटी इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावे आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून गळती पाहावी. पॅड बदलल्यानंतर गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करणे अत्यावश्यक आहे, अन्यथा पहिल्या दाबाला पाय थेट तळाला जातो आणि समोर भिंत किंवा शेजाऱ्याची गाडी असते. नंतर दहा-वीसच्या वेगाने आवारातच चार-पाचदा थांबून पाहावे.

सहावी पायरी : पॅड आणि डिस्क बसू देणे

नवे पॅड आणि डिस्क लगेच पूर्ण धरत नाहीत. तापून पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. पॅडच्या खोक्यातील सूचना हाच इथे अंतिम शब्द. रस्त्याच्या पॅडसाठी सर्वसाधारण पद्धत अशी, की ६० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा गाडी आणावी, आणि लगेच दहा-पंधरा मिनिटे ब्रेक जवळजवळ न वापरता चालवून थंड होऊ द्यावी. तापलेल्या अवस्थेत ब्रेक दाबून उभे राहिले, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि तीच थरथर पुढे ‘वाकडी डिस्क’ म्हणून ओळखली जाते.

मुंबईत हे करायला जागा शोधणे हेच खरे कठीण काम आहे. वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि पुण्याचा एक्स्प्रेसवे यांपैकी कोणतीही जागा यासाठी नाही. मागच्या गाडीला तुम्ही विनाकारण वेग का कमी करता आहात हे कळत नाही, आणि कॅमेरे आहेत ते वेगळेच. रविवारी पहाटे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील आतले रुंद रस्ते बरेच मोकळे असतात. तिथे कुत्रे आणि गतिरोधक पाहून, वेगमर्यादेत, मागे कोणी नाही याची प्रत्येक वेळी खात्री करून हे काम होते. ट्रॅकच्या पॅडला याहून जास्त उष्णता लागते, आणि ते काम ट्रॅकवरच करावे. त्यासाठी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइंबतूरचा कारी किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट गाठावा लागतो. तिथे डिस्कच्या कडेला उष्णतेने रंग बदलणारे पेंट लावले, तर डिस्क कुठपर्यंत तापली हे कळते आणि पुढच्या वेळी कोणता पॅड घ्यायचा याचा वाद उरत नाही.

पावसाळ्यातली काळजी

गाडी धुवून उभी केली की दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस गंज दिसतो. तो पहिल्या काही दाबांत निघून जातो आणि त्याची चिंता नको. दोन-तीन आठवडे गाडी जागची हलली नाही, तर मात्र पॅडखालच्या जागेचा ठसा गंजातून उमटतो. म्हणून पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली गाडीही आठवड्यातून एकदा बाहेर काढावी, आणि धुतल्यानंतर हलके ब्रेक दाबत एक फेरी मारून मगच उभी करावी. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर पेडल हलके दाबून डिस्क कोरड्या कराव्यात, आणि पाणी हबच्या वर गेले असेल तर सरकत्या पिना उघडून पाहाव्यात. नव्या कामानंतर पहिल्या पाचशे किलोमीटरला चाके काढून रंगाच्या रेघा जुळतात का ते तपासावे, चाकांचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, आणि ऑइल बदलल्याची तारीख टाकीच्या झाकणाशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवावी.